पगार सोडू की चटणी?

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, वय ३३. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, ९ वर्षं २ महिने झाले. पगार १७,५००, त्यात बेसिक १२,०००. मिस्टर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. काम कधी आठवडाभर, कधी चारच दिवस. मुलगी चार वर्षांची. सासूबाई तिला बघतात, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. दोन वर्षांपासून शनिवारी रात्री आणि रविवारी मी शेंगाचटणी करून विकते. महिन्याला ४० किलो जाते, ३२० रुपये किलोने. शेंगदाण्याचे पैसे जाता सात हजार उरतात. सगळे म्हणतात, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच केलंस तर वीस हजार कुठे गेले नाहीत, आणि पोरगीही डोळ्यासमोर राहील. मलाही तेच वाटत होतं. पण मागच्या रविवारी पॅकिंग चालू असताना तिने तिखटाचा हात डोळ्याला लावला आणि दोन तास रडत होती. तेव्हापासून मन डळमळलंय. हिशेबाची वही सोबत पाठवतेय. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, दिवसभर कारखान्याचा पै-पैचा हिशेब ठेवणारी तू, आणि स्वतःच्या चटणीत फक्त शेंगदाणे मोजलेस? वहीच्या मागच्या पानांवर तू सुट्टे खर्च लिहिलेत, ते सगळे मी एकाखाली एक मांडले. ४० किलोचे १२,८०० रुपये आले. शेंगदाणे ५,६७०. तिखट, लसूण, जिरं, मीठ मिळून १,९२०. पाऊच ४८०, गॅस ९००, कांडप ८००, स्कूटीचं पेट्रोल ४००. बेरीज १०,१७०. उरले २,६३०. सात हजार नाहीत.

आता तास मोज. शनिवारी भाजणं, सालं काढणं, पाखडणं यात तीन. रविवारी सात. मधल्या वारी पोच करणं, फोन घेणं यात चार. महिन्याचे साठ धर. म्हणजे तासाला ४४ रुपये. नोकरीचे जाण्यायेण्यासकट २३४ तास होतात. पगारात कंपनी तुझ्या पीएफपोटी भरते ते १,४४० मिळव, तासाला ८१ पडतात. रविवारचा तुझा तास तू सोमवारच्या जवळजवळ निम्म्या भावाने विकतेयस.

याचा अर्थ चटणी वाईट असा नाही, भाव वाईट आहे. ३८० कर. किलोमागे ६० म्हणजे महिन्याला २,४०० वाढतील आणि तास ८४ रुपयांवर जाईल. 'गिऱ्हाईक तुटेल' म्हणशील. तुटू दे थोडं. फुकट जाणारी चटणी आधी थांबव. तुझ्या वहीत 'चवीला' म्हणून पावकिलो तीन ठिकाणी आहे आणि तीनही ठिकाणी नाव नणंदेचंच आहे. दोन वर्षांत तिला चव कळली असेल.

भाव वाढवल्यावर महिनाभरात किती किलो जाते ते बघ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पगार आणि कंपनीचा पीएफ भरून काढायचा तर जुन्या भावात महिन्याला पावणेतीनशे-तीनशे किलो विकावी लागेल, नव्या भावात दीडशे. आज चाळीस जाते. दीडशे किलो शेंगदाणे तुझ्या त्याच दोन खोल्यांत, त्याच शेगडीवर, त्याच पोरीच्या डोळ्यांसमोर भाजायचे आहेत. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही हेही लक्षात ठेव. तेवढ्या कामाला व्यावसायिक सिलिंडर लागेल, एखादी बाई मदतीला लागेल, आणि ते पैसे ८४ मधूनच जातील.

आणि 'पोरगी डोळ्यासमोर राहील' या वाक्याबद्दल. हे वाक्य मी फार जवळून ओळखते.

माझी आई पूर्व भागातल्या आमच्या घरात विड्या वळायची. दिवसाला हजार. पानं आणि तंबाखू कारखान्यातून घेऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या नेऊन द्यायची. तिथे तपासताना ज्या पसंत पडायच्या नाहीत त्या बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. लोक म्हणायचे, बरं आहे की, घरातल्या घरात काम, लेकरं जवळ. होतो आम्ही जवळ. पण तिच्या मांडीवर सूप असायचं, त्यामुळे मांडी रिकामी नसायची. धाकटा भाऊ सरकत सरकत आला की ती सुपातून नजर न उचलता म्हणायची, 'आगु, आगु' – तेलुगूत थांब, थांब. तो बोलायला लागला तेव्हा आधी हाच शब्द बोलला. आई घरात असणं आणि आई हाताशी असणं यात केवढं अंतर असतं, ते आम्ही चौघं भावंडं चांगलं जाणतो. तुझी पोरगी तिखटाच्या हाताने डोळे चोळत होती तेव्हा तूही घरातच होतीस.

मी स्वतः काय शहाणपणा केला ते सांगते, म्हणजे मोठी उपदेश करणारी आली असं वाटणार नाही. मुलगा तीन वर्षांचा असताना कारकुनीची नोकरी सोडून मी गणवेश शिवायला सुरुवात केली. आपल्या गावात गणवेशाचं काम भरपूर, म्हटलं दुपारी त्याला झोपवून मशीनवर बसू. पण शाळा उघडतात जूनच्या मध्याला, म्हणजे एप्रिल-मे हेच कामाचे महिने आणि तेच त्याच्या सुट्टीचे. पहिल्याच मोसमात त्याला ताप होता आणि मी रात्री दोनला शर्टांना बटणं लावत होते. माल वेळेत दिला. ज्या दुकानदाराला दिला त्याने पैसे दिवाळी उलटल्यावर दिले, तेही तीन हप्त्यांत. पगार उशिरा झाला तर चारचौघांत बोलता येतं. उधारी थकली की एकटीलाच दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पुढे जम बसला, बावीस वर्षं केलं, पश्चात्ताप नाही. पण पहिली दोन वर्षं मुलाला नोकरीतल्यापेक्षा कमी वेळ मिळाला. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या नऊ वर्षं दोन महिन्यांकडे येते. या नोकरीत पीएफबरोबरची पेन्शन लागू व्हायला १० वर्षांची सेवा लागते. १२,००० बेसिकवर दहा वर्षांची पेन्शन म्हणजे १२,००० गुणिले १० भागिले ७०, महिना १,७१४ रुपये, ५८ व्या वर्षापासून. हसू नकोस, विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीला १,७१४ ची किंमत विचार. आत्ता राजीनामा दिलास तरी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवता येतं आणि पुन्हा कुठे नोकरीला लागलीस तर ती वर्षं जोडली जातात. पण उंबऱ्यापर्यंत येऊन कशाला फिरतेस? ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षांनंतर तुझी झालेलीच आहे, आजच्या हिशेबाने सुमारे ६२,३०० रुपये. ती मागून घ्यायची असते, कुणी आणून देत नाही. पगार २१,००० च्या आत असल्याने तुझं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असणार. नोकरी सुटली की काही काळाने तेही संपेल. पोरीच्या दवाखान्याचं काय करायचं ते आधी ठरव. मिस्टरांच्या कारखान्यात ईएसआय आहे का, आजच विचार. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार तुझाच एकटीचा आहे, हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस. माझ्या मते अख्ख्या पत्रातली ती सगळ्यात मोठी ओळ आहे.

म्हणून सांगते : अजून एक वर्ष नोकरी सोडू नकोस. त्या वर्षात चटणीला एक श्रावण आणि एक गड्ड्याची जत्रा बघू दे. श्रावणात, चातुर्मासात लसूण न खाणारी घरं किती आहेत ते तुला विक्रीतूनच कळेल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला बाहेरगावचे पाहुणे येतात, जाताना चटणी आणि कडक भाकरी बांधून नेतात. तेव्हा हात पुरणार नाहीत. या दोन टोकांची सरासरी म्हणजे तुझा खरा महिना. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि वर्षभर त्यातून घरचा किराणा भरू नकोस. एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्याची, नोंदणी करून घे, छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपये लागतात. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी तर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. आणि पॅकिंग स्वयंपाकघरातून हलव. बाल्कनी असेल तर बाल्कनीत, नसेल तर शेजारच्या काकूंची रिकामी खोली भाड्याने घे. ते भाडं खर्चात लिही!

आणखी एक. तुझ्या हातात दोन धंदे आहेत आणि तू एकच मोजलास. नवी पेठेत, टिळक चौकात अशी कितीतरी छोटी दुकानं आहेत ज्यांना हिशेब आणि जीएसटी बघायला माणूस हवा असतो, पण पूर्णवेळ पगार परवडत नाही. तशी चार-पाच दुकानं घरून सांभाळलीस तर त्याला ठसका नाही, खवट होणं नाही, आणि गर्दीचे दिवस आधीच ठाऊक – जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ तारीख, २० तारीख. पोर झोपल्यावर करता येतं. नळाला पाणी यायच्या दिवशी बाजूला ठेवता येतं, आणि ही सोय सोलापुरातल्या बाईला सांगायला नको. तुझ्या सध्याच्या मालकांची परवानगी लागेल का ते नेमणूकपत्रात बघून घे. मला विचारशील तर नोकरी सुटायचीच असेल तेव्हा चटणीच्या आधी मी हे दुकान उघडेन.

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते, चौदा वर्षं झाली. जुळे मुलगे अकरा वर्षांचे. एमआयडीसीतल्या गारमेंटमध्ये १२,५०० पगाराची नोकरी चालून आली आहे, पीएफसकट. मला जावंसं वाटतंय, पण गल्लीतल्या बायका म्हणतात, स्वतःचा धंदा सोडून दुसऱ्याच्या हाताखाली जातेस? हार मानल्यासारखं होईल का?
– पूर्व भागातून

उत्तर : मुलं अकरा वर्षांची आहेत, दुपारी कुलूप उघडून जेवतील. पोटाला भूक लागली की डबा कुठे आहे ते बरोबर सापडतं. जा.

जाण्याआधी तीन गोष्टी मात्र विचारून घे. एप्रिल ते जून गणवेशाच्या मोसमात किती वाजेपर्यंत थांबवतात आणि जादा तासाचे पैसे कसे देतात. नेमणूकपत्र हातात देतात की तोंडी सांगतात. आणि पीएफ खात्याचा यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मिळेल का. नंबर मिळाला की दर महिन्याला मोबाइलवर पासबुक बघ. पगारातून कापलेला पीएफ खात्यात भरलेलाच असेल असं गृहीत धरायचं नाही, यात मी एकदा पोळले आहे.

मशीन विकू नकोस. कितीही चांगली किंमत येऊ दे. दोन-चार जुनी गिऱ्हाइकं रविवारपुरती ठेव, तीही वेळेत पैसे देणारी.

गल्लीतल्या बायकांचं म्हणशील तर वही उघड आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या ब्लाउजची शिलाई अजून यायची आहे, तेवढं बघ. ती आधी वसूल कर.