दहाव्या माणसाची जागा

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि तू अर्ज भरतेयस, हे तुझ्या आईकडून कळलं. 'मावशी, हिला चार गोष्टी सांगा,' म्हणाली. मोजून चार नाही जमायच्या, सुचेल तसं लिहिते.

आमच्या मशिदीत (आम्ही बेने इस्रायली ज्यू सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो, तुला ठाऊक आहे) सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. माझ्या लहानपणी आळीत दहा सहज जमायचे. मग एकेक घर इस्रायलला गेलं, आणि दहाव्या माणसासाठी शेजारच्या गावी निरोप धाडायची वेळ आली. बाया कितीही बसलेल्या असोत, त्या दहांत धरत नसत. नगरपालिकेच्या पहिल्या सभेला गेले तेव्हा गणपूर्तीसाठी डोकी मोजणाऱ्या कारकुनाने मलाही मोजलं. त्याचं मला किती अप्रूप वाटलं, हे घरी बोलायचीही सोय नव्हती!

ही जागा मला 74 व्या घटनादुरुस्तीने दिली. 1993 पासून एक तृतीयांश जागा बायकांच्या, 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या. तेव्हा 'आरक्षणातून आली' असं कुणी हिणवलं तर 'हो, आले' म्हण आणि पुढचा विषय घे.

मतांचं म्हणशील, तर आमची मतं एका घरापुरती. पण त्याचा फायदाच झाला. मी कुणाच्या गटाची नाही म्हणून सगळ्या आळ्यांतल्या बायका नळाचं, संडासाचं गाऱ्हाणं बिनधास्त माझ्याकडे आणत. आमचे पूर्वज घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ते 'शनवार तेली'. म्हाताऱ्या माणसांना मी शेवटपर्यंत शनवार तेल्याची सूनच होते.

या शनिवारानेच मला शहाणं केलं. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मी सभेला जात नाही, हे सगळ्यांना माहीत. एकदा सभा नेमकी शनिवारी लागली आणि आपल्या वॉर्डातल्या गटाराचा विषय मंजूर झाला. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायला आलं. सगळे मान डोलावत होते, मी वाचत बसले. वेळ लागतो, लोक चुळबुळतात, चुळबुळू देत. गटार चाळीस मीटर झालंय आणि बिल निघणार आहे, असं त्यात होतं. रविवारी तुझी आजी आणि मी पदर खोचून टेप घेऊन गेलो. सव्वीस भरलं. सोमवारी मोजमापवही पाहायला मागितली, लेखी, आवक नंबर घेऊन. तोंडी मागितलेले कागद कुणाला सापडत नाहीत. बिल थांबलं. उरलेलं गटार व्हायला मात्र तीन पावसाळे गेले, आणि त्या तिन्ही पावसाळ्यांत तुमच्याच ओट्याला पाणी लागलं. तुझी आजी मला एकदाही बोलली नाही. मीच तिच्याकडे जायचं टाळत होते.

बाबांना सभेच्या दाराबाहेरच थांबव. तुझ्या वतीने ते बोलायला लागले की तुझी खुर्ची रिकामीच धरतात.

टेप अजून माझ्याकडे आहे, पंधरा मीटरची, टोकाचं कडं तुटलंय. शुक्रवारी दिवे लावायच्या आत येऊन घेऊन जा.

तुझी,
मावशी