थंडीवाऱ्यात डच ओव्हनला किती कोळसे वाढवायचे?

तुमचा प्रश्न असा : जानेवारीत गंगापूर धरणाकडच्या शेतावर रात्री १२ इंची डच ओव्हनमध्ये (तीन पायांचं बिडाचं भांडं, निखारे खाली आणि झाकणावरही ठेवायचे) चिकन आणि पाव करायचाय, थंडी असेल, वाराही असेल, तर नेहमीपेक्षा किती कोळसे जास्त घ्यायचे?

थंडीसाठी तीन-चार. वाऱ्यासाठी एकही नाही. वाऱ्याला आडोसा लागतो. हे ठणकावून सांगतोय, कारण "वारा सुटलाय, टाक अजून कोळसा" हा सल्ला आमच्याकडे प्रत्येक हुर्डा पार्टीत कुणी ना कुणी देतोच.

थंडीचा हिशेब सरळ आहे. १२ इंची भांड्याला २४ ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या), म्हणजे आत साधारण १७५ अंश. बाहेर ३० अंश असताना आतबाहेरचा फरक १४५. बाहेर ८ अंश झाले की फरक १६७. म्हणजे पंधराएक टक्के जास्त आच हवी, २४ चे २७-२८ झाले. निफाडला पारा पाचच्या खाली उतरला तरी यापुढे फार तर एखादा लागेल.

वारा मात्र कोळशालाच फुंकतो. ज्या बाजूने वारा येतो तिकडचे निखारे भडकतात आणि लवकर संपतात, त्यांची धग भांड्याच्या पोटाखालून पलीकडच्या भिंतीवर जाते. झाकणावर तर आणखी वाईट. निखाऱ्यावर राखेचा थर असतो म्हणून तो सावकाश जळतो. वारा तो थर उडवतो आणि तासभर टिकणारा ब्रिकेट अर्ध्या तासात बसतो.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत यावरूनच वाद झाला. भांडं बांधावर उघड्यावर ठेवलेलं. पाव वरून रंगत नाही म्हणून आमच्या दाजींनी झाकणावर आणखी बारा निखारे चढवले. मी म्हणत होतो, पत्रा लावा. झाकण काढलं तेव्हा पावाची वाऱ्यापलीकडची कड जळून काळी पडून भांड्याला धरलेली होती, तर वाऱ्याकडच्या बाजूला सुरी घातली की पातं कच्च्या पिठाने माखून बाहेर येत होतं. एकाच पावाच्या दोन टोकांना असं झालं, तर कोळसे कमी पडले हे कारण असूच शकत नाही. दाजी अजून म्हणतात कोळसा ओला होता. दाजी, ओला कोळसा धुरतो, तडतडतो. तो असा लालबुंद होऊन अर्ध्या तासात संपत नाही.

आडोशाला पंधरा किलोचे तेलाचे दोन रिकामे डबे घ्या. तळ आणि तोंड कापून उभे चिरा, उलगडा, एकमेकांना तारेने जोडा. पत्र्याची उंची झाकणाच्या बरीच वर जाते, तेवढी हवीच, कारण वरचे निखारेही झाकायचेत. पहिल्यांदा नुसता पत्रा विस्तवावर तापवून रंग जाळून टाका. अर्धगोल करून वाऱ्याकडे पाठ करा, पलीकडची बाजू उघडी ठेवा, भांड्यापासून चार बोटं अंतर सोडा. चारी बाजूंनी बंद केलंत तर निखारे गुदमरतील. जस्ताचा पत्रा वापरू नका, फार तापला की त्याचा धूर घातक असतो. विटांचा आडोसाही चालतो. नदीतले गोटे नकोत, आत मुरलेल्या पाण्याने ते तापल्यावर फुटतात.

भांडं थेट जमिनीवर ठेवू नका. दवाने भिजलेली माती खालची बरीच आच ओढून घेते. दोन-तीन विटांवर जाड लोखंडी पत्रा किंवा उथळ घमेलं पालथं घाला, त्यावर निखारे, त्यावर भांडं. तीन पाय पक्के बसलेत ना ते हलवून बघा.

वाटणी : पावाला दोन भाग वर, एक भाग खाली, म्हणजे २८ पैकी १८-१९ झाकणावर. खालचे निखारे कडेने गोल मांडा, मधोमध एकही नको, नाहीतर तळ करपतो. चिकनच्या रश्शाला उलट, जास्त खाली. दर दहा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेने, झाकण पाव फेरा उलट दिशेने. आडोसा कितीही चांगला असला तरी हे चुकवू नका. झाकण उघडून बघण्याचा मोह मात्र आवरा. या थंडीत एकदा उघडलं की पाच-दहा मिनिटांची आच गेली. पहिली खेप लावल्यावर वीसेक मिनिटांनी दुसरी पेटवायला घ्या, ती राखाडी व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

पाव आधी की चिकन? चिकन आधी. तोवर कणीक शेकोटीच्या उबेत फुगेल. ८-१० अंशांत उघड्यावर ती रात्रभर तशीच बसेल. मळायला पाणी कोमट घ्या. आणि कणीक थंडगार बिडात टाकू नका, भांडं आणि झाकण दोन्ही आधी तापवून घ्या.

हा सगळा हिशेब उशीच्या आकाराच्या, २०-२५ ग्रॅमच्या ब्रिकेटचा आहे. आपल्याकडे बाभळीचा फोडलेला कोळसा मिळतो, त्याचे तुकडे मोजण्यात अर्थ नाही. तो वजनावर घ्या, सुरुवातीला सहाशे-सातशे ग्रॅम, आणि तो ब्रिकेटपेक्षा लवकर संपतो म्हणून तेवढाच जवळ राखून ठेवा. नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट मिळाले तर उत्तम, मात्र ते जास्त तापतात, तेव्हा दोन-तीन कमी लावा.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांचं घमेलं तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. त्याच्या वायूला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. जानेवारीत धरणाकाठचं गवत वाळलेलं असतं, म्हणून भोवती दोन-तीन मीटर जागा साफ करून पाण्याची बादली भरून ठेवा. आडोसा लावूनही ठिणग्या पलीकडे उडत असतील तर त्या रात्री पाव राहू द्या, चिकन गॅसवर करा.