उरलेल्या चिंध्यांपासून मांजरासाठी गादी कशी शिवू?

चिंध्या तशाच कोंबू नका. गोळे होतात आणि मांजर गादी सोडून शेजारी फरशीवर झोपतं (अनुभव आहे). दोन बोटं रुंदीचे तुकडे करून भरा. बटणं, हुक, सुटे दोरे आधी काढा. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं.

भरावाची पिशवी वेगळी, वरची खोळ वेगळी शिवा. पिशवीत मधेमधे चार-पाच पक्के टाके घाला, भराव सरकत नाही. खोळीला चेन नकोच, उशीच्या अभ्र्यासारखी दुमड ठेवा, धुवायला पटकन निघते. माप मांजर ताणून झोपलेलं असताना घ्या, वर 10-15 सेंमी जास्त. खाली जुनी जीन्स, वर तुमचा वापरलेला टीशर्ट. ओळखीच्या वासावर ते लवकर बसतं.