गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांपुढची कायद्याची खरी अडचण कोणती? फक्त प्रदूषणाचे नियम का?

तुम्ही विचारलंय की वाहन उद्योगाला कायद्याच्या आणि नियमांच्या बाजूने नेमक्या काय अडचणी येतात आणि प्रदूषणाचे नियमच त्यात सगळ्यात जड जातात का. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होमोलोगेशनचं काम करतो. म्हणजे पार्टच्या टेस्ट करून घ्यायच्या, कागद तयार करायचे, सरकारी मान्यता मिळवायची आणि ती मिळाल्यावर पुढे वर्षानुवर्षं कागदावरचा पार्ट आणि लाईनवरून बाहेर पडणारा पार्ट एकच आहे ना हे बघत राहायचं. त्यामुळे आतल्या बाजूने जे दिसतं ते लिहितो.

माझं मत असं की नियम कडक असणं ही फार मोठी अडचण नाहीच. कडक नियम आला की सुरुवातीला आरडाओरडा होतो, मग इंजिनिअर लोक डोकं लावतात आणि जमतं. अडचण आहे ती काळाची. गाडीचं डिझाईन आज पक्कं होतं, बाजारात यायला तीन-चार वर्षं जातात, तेच मॉडेल पुढे सहा-सात वर्षं विकलं जातं आणि विकलेली गाडी त्यानंतरही पंधरा वर्षं पळते. मान्यतेचा शिक्का एका दिवशी बसतो पण जबाबदारी वीस-पंचवीस वर्षं पाठ सोडत नाही, आणि तेवढ्यात नियम बदलतात, सप्लायर बंद पडतो, ड्रॉइंगवर ज्याची सही आहे तो माणूस रिटायर झालेला असतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं आहे, आणि हे मी प्रत्येक नवीन आलेल्या मुलाला सांगतो. स्विचच्या आत एक छोटी स्प्रिंग आणि प्लंजर असतो, चावी ज्या जागी फिरवली तिथेच ती धरून ठेवायचं काम त्याचं. तो कमी ताकदीचा होता. चावीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागला तरी चावी 'रन' वरून 'अ‍ॅक्सेसरी' वर सरकायची, इंजिन चालत्या गाडीत बंद, पॉवर स्टिअरिंग गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगचीही वीज गेली. पुढे स्विच बदलून मजबूत केला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! म्हणजे स्टोअरमध्ये, सर्व्हिस सेंटरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये जुना आणि नवा स्विच एकच दिसणार. नंतर जेव्हा कंपनीतलेच लोक शोधायला लागले की अमुक सालापर्यंतच्या गाड्यांमध्येच एअरबॅग का उघडत नाहीत आणि नंतरच्या गाड्यांत का उघडतात, तेव्हा त्यांना फरकच सापडेना, कारण रेकॉर्डप्रमाणे पार्ट बदललेलाच नव्हता. शेवटी अपघातात गेलेल्या एका मुलीच्या घरच्यांनी केस केली, त्यांच्या बाजूच्या इंजिनिअरने दोन वेगवेगळ्या सालचे स्विच उघडून शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा ते उघड झालं. २०१४ मध्ये रिकॉल झाला (म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या), भरपाईच्या फंडाने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये अमेरिकन सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड झाली.

यात कायद्याचा अजून एक पदर आहे तो लोकांना कमी माहीत असतो. ही कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीतून गेली होती आणि नव्या कंपनीने म्हटलं की जुन्या गाड्यांचे दावे जुन्या कंपनीबरोबर संपले. २०१६ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही, कारण दिवाळखोरीच्या वेळी ग्राहकांना दोषाबद्दल कळवलंच नव्हतं, मग त्यांचा हक्क असा गुपचूप कसा काढून घेणार. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पार्ट नंबर बदलायचा राहिला तर चूक एवढीशी दिसते, पण त्यात माणसं गेली आहेत, म्हणून चेंज नोट (पार्टमध्ये बदल केल्याची लेखी नोंद) भरायचा कंटाळा करणाऱ्यांवर मी खरंच चिडतो.

आता प्रदूषण. फोक्सवॅगनचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलंय, सप्टेंबर २०१५, जगभरात साधारण १ कोटी १० लाख डिझेल गाड्या. गाडीच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली टेस्ट चालू आहे, कारण चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाहीये आणि वेग ठरलेल्या टेस्टच्या आलेखाप्रमाणेच वर-खाली होतोय, मग ते प्रदूषण कमी करणारी यंत्रणा पूर्ण चालवायचं आणि रस्त्यावर आलं की ढिली सोडायचं. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साईड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत निघत होते. ही सरळ फसवणूक होती, त्याला दुसरं नाव नाही. पण नियम बनवणाऱ्यांचीही एक चूक त्यातून समोर आली: टेस्ट इतकी ठरीव होती की ती ओळखता येत होती. २०१७ पासून युरोपात गाडीच्या मागे मोजणीचं यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर टेस्ट घेतात, आणि हे आधीच व्हायला हवं होतं.

दाईहात्सू या जपानी गाडी कंपनीचं २०२३ चं प्रकरणही याच जातीचं. एअरबॅग खरी तर गाडीच्या सेन्सरने आणि ईसीयूने (गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरने) उघडायला हवी, पण काही टेस्टमध्ये ती टायमर लावून उघडली होती. डिसेंबरमध्ये कंपनीला सगळ्या मॉडेल्सची डिलिव्हरी थांबवावी लागली. चौकशी समितीने जे कारण दिलं ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही: डेव्हलपमेंटचं वेळापत्रक इतकं आवळलेलं की टेस्ट नापास होणं परवडणारंच नव्हतं. लॉन्चची तारीख मार्केटिंगने आधीच ठरवलेली असली आणि होमोलोगेशनला सगळ्यात शेवटी उरलेले दिवस दिले की असं होतं, हे आमच्या क्षेत्रातला कोणीही सांगेल.

नियम बदलण्याचा त्रास कसा असतो ते भारतातल्या बीएस-३ वरून कळतं (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या प्रदूषण नियमांचे टप्पे, आकडा वाढला की नियम कडक). १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ लागू होणार हे माहीत होतं, पण कंपन्या धरून चालल्या की ती तारीख गाडी बनवण्याची आहे, आधी बनवलेला स्टॉक नंतर विकता येईल, पूर्वीच्या टप्प्यांच्या वेळी तसंच चाललं होतं. सुप्रीम कोर्टाने २९ मार्चला सांगितलं की १ एप्रिलपासून विक्री आणि रजिस्ट्रेशनही बंद. सुमारे ८ लाख गाड्या शिल्लक होत्या आणि हातात दोन दिवस. कोर्टाने हवेपेक्षा धंदा मोठा नाही म्हटलं ते मला पटतं, पण 'बनवायची तारीख' की 'विकायची तारीख' एवढी एक गोष्ट नियमातच स्पष्ट लिहिली असती तर ती धावपळ झालीच नसती. पुढच्या वेळी, बीएस-६ च्या आधी, कोर्टाने २०१८ मध्येच सांगून टाकलं की १ एप्रिल २०२० नंतर बीएस-४ विकायची नाही.

युरोपातला कार्बन डायऑक्साईडचा हिशोब वेगळाच. तिथे एकेका गाडीवर मर्यादा नसून कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतात आणि सरासरी जितके ग्रॅम जास्त, तितक्या प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. म्हणजे १० लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीची सरासरी एका ग्रॅमने चुकली तरी साडेनऊ कोटी युरो गेले. कंपन्यांना एकत्र येऊन सरासरी काढायची मुभा आहे, म्हणून फियाट क्रायसलरने टेस्लाला पैसे देऊन तिच्या इलेक्ट्रिक गाड्या आपल्या हिशोबात धरल्या होत्या. मग २०२५ मध्ये युरोपीय संघाने त्या वर्षीचं टार्गेट एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायचं ठरवलं. ज्यांची तयारी नव्हती त्यांना दिलासा, पण ज्यांनी वेळेत पैसे ओतून तयारी केली त्यांनी काय घोडं मारलं होतं? नियम सैल झाला की प्रामाणिक कंपनीचंच नुकसान होतं, हे बाहेरून पटकन लक्षात येत नाही.

बरं, आता ज्याची मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, म्हणजे सॉफ्टवेअर. आमची सगळी मान्यतेची पद्धत या समजुतीवर उभी आहे की मान्य झालेली गाडी आणि विकलेली गाडी सारखी असते. अमेरिकेत सुरक्षेच्या नियमांसाठी कंपनी स्वतःच प्रमाणित करते आणि सरकार नंतर तपासतं, युरोप, जपान, भारत इथे आधी मान्यता मग विक्री, पण दोन्हीकडे गाडी एकदा बनली की बनली असंच गृहीत होतं. आता गाडी रात्री पार्किंगमध्ये उभी असताना अपडेट येतो आणि सकाळी तिचं ब्रेकिंग वेगळं असू शकतं, मग मान्यता कुठल्या गाडीला होती? डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलटसाठी (गाडी चालवायला मदत करणाऱ्या तिच्या यंत्रणेसाठी) अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल केला तो घरबसल्या अपडेटनेच. उलट २०१५ मध्ये दोन संशोधकांनी लांबून इंटरनेटवरून चालती जीप ताब्यात घेऊन दाखवली तेव्हा १४ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला आणि कंपनीने लोकांना टपालाने यूएसबी ड्राइव्ह पाठवले होते.

त्यातून संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत दोन नियम आले, सायबर सुरक्षेचा आर१५५ आणि अपडेटचा आर१५६. आर१५६ मध्ये मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे मान्यतेशी संबंध असलेल्या प्रत्येक यंत्रणेच्या सॉफ्टवेअरला ओळख क्रमांक देता येतो, आणि अपडेटने मान्यतेला धक्का लागत असेल तर तो क्रमांक बदलावाच लागतो. वरचा स्विचचा किस्सा आठवा, तीच चूक परत होऊ नये म्हणून ही सोय. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा नियम लागू झाला आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवर बनलेली काही मॉडेल्स चालू असतानाच बंद करावी लागली, पोर्शेची पेट्रोलवरची माकान त्यातलीच. गाडी चांगली विकली जात होती, पण दहा वर्षांपूर्वीची वायरिंग आणि ईसीयू नव्या नियमात बसवायचे म्हणजे अख्खी गाडी नव्याने करण्यासारखं होतं.

आणि जबाबदारी कोणाची हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी इथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, गुन्हा दाखल झाला तो सीटवर बसलेल्या ऑपरेटरवर, कंपनीवर फौजदारी केस झालीच नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. यंत्रणा बनवणाऱ्याने त्याचे नफे घ्यायचे आणि खापर मात्र पगारी माणसावर फोडायचं असं चालणार नाही. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात ठरवलंय की मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालते याचं उत्तर आत बसलेल्या माणसाने नाही, मान्यता घेणाऱ्या कंपनीने द्यायचं. युरोपचा नवा उत्पादन-दायित्वाचा कायदा, जो डिसेंबर २०२६ पासून बाजारात येणाऱ्या वस्तूंना लागेल, त्यात सॉफ्टवेअरही वस्तूच धरलंय आणि विकल्यानंतरच्या अपडेटमुळे दोष आला तरी कंपनीला हात झटकता येणार नाहीत.

सप्लायरचं मरण वेगळंच असतं. टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षं लागून ते खराब व्हायचं आणि उघडताना धातूचे तुकडे उडायचे. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) रिकॉलमध्ये आले आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नवीन इन्फ्लेटर टेस्टला पास होतो, दोष उघडा पडतो सात-दहा वर्षांनी, आणि तोवर करोडो बसवून झालेले असतात.

ट्रेडचे नियम, टॅरिफ, कुठल्या देशाचा किती टक्के माल, हे सगळं मी इथे सोडतो, कारण ते राजकारणाबरोबर इतकं बदलतं की आज लिहिलेलं उद्या चुकेल. फक्त एवढं सांगतो की त्यातही पळवाटा शोधणाऱ्यांना उशिरा का होईना भोवतं. अमेरिकेत मालवाहू व्हॅनवर २५ टक्के ड्युटी आहे म्हणून फोर्डने ट्रान्झिट कनेक्ट नावाच्या व्हॅन मागच्या सीट बसवून प्रवासी गाडी म्हणून आणल्या आणि कस्टममधून सुटल्यावर त्या सीट काढून टाकल्या. हे २००९ पासूनचं, तडजोड झाली २०२४ मध्ये, ३६ कोटी ५० लाख डॉलर.

तर प्रदूषणाचे नियम जड आहेत, पण त्यात निदान आकडा असतो, मोजता येतो, भांडता येतं. सॉफ्टवेअरला आणि त्यातून जमा होणाऱ्या माहितीला अजून तसा धड आकडा नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण संस्थेने जनरल मोटर्सवर कारवाई जाहीर केली, कारण लोकांनी ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती गाडी चालवली, कुठे गेले ही माहिती नीट न विचारता गोळा करून विकली जात होती आणि ती विमा कंपन्यांपर्यंत जाऊन काहींचा हप्ताही वाढला. तुम्ही या क्षेत्रात यायचा विचार करत असाल, कायद्याकडून या किंवा इंजिनिअरिंगकडून, तर आर१५५ आणि आर१५६ मुळातून वाचा, दोन्ही फुकट मिळतात आणि भाषा वाटते तेवढी अवघड नाही. कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं उत्तर देईन.