पहिला ट्रॅक डे: आधी ब्रेक बघ

भावा, ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, चेन्नई किंवा कोईमतूरला जायचं ठरवलंस, लई भारी! नवा एक्झॉस्ट (सायलेन्सर) आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) यांचे पैसे मात्र आत्ता राखून ठेव, सगळे नवखे तिथंच घालवतात.

आधी ब्रेक. जुनं ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेतं, त्यामुळं लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. चोर्ला घाटात टिकलं म्हणजे ट्रॅकवर टिकेल असं नाही. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) भरून चारही कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) ब्लीड करून घे, म्हणजे आतली हवा आणि जुनं ऑइल काढून घे. डॉट ५ चुकूनही नको. ब्रेक पॅड (डिस्कवर दाबले जाणारे तुकडे) नव्याच्या निम्म्याहून जाड हवेत.

- टायर तापले की प्रेशर वाढतं. ट्रॅकवरून पिटमध्ये (गाडी थांबवायच्या जागेत) आल्या आल्या मोजून जादा हवा सोड.
- व्हील नट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळ.
- ड्रायव्हरकडची मॅट काढ.
- शेवटची फेरी हळू मार. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात.