तपासलं की काहीतरी निघतंच!

"काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला? तपासलं की काहीतरी निघतंच." मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य माझ्या खोलीत वारंवार ऐकू येतं. बोलणारे कधी बँकेतले अधिकारी असतात, कधी बागायतदार, कधी निवृत्तीला टेकलेल्या शिक्षिका. शेजारी बसलेली बायको किंवा मुलगी माझ्याकडे बघून म्हणते, "बघा, असंच असतं यांचं. ऐकतच नाहीत." या दोन वाक्यांच्या मध्ये कितीतरी घरं अडकून पडली आहेत. त्यांतल्या एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

आधी आल्या त्या वहिनी, आणि त्याही स्वतःच्या झोपेची तक्रार घेऊन. नवरा रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, यांना जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. मी विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या पहाटेपर्यंत रिकामा होतो. चष्म्याचा नंबर थोड्या दिवसांत दोनदा बदलला. मानेमागची कातडी काळवंडली आहे, घासून निघत नाही. चपलेच्या अंगठ्याने झालेली जखम महिना झाला तरी ओलीच आहे. नवऱ्याचं वय ४८, सांगलीकडच्या एका बाजारपेठेच्या गावात किराणा दुकान, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसून. सासऱ्यांना मधुमेह होता. मुलाने घरीच साखर मोजायचा ग्लुकोमीटर आणून दिला, तो खोक्यातून बाहेरही निघाला नाही.

मी डॉक्टर नाही. मधुमेह आहे की नाही हे रक्त तपासून ठरतं : उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी साडेसहा किंवा त्याहून जास्त. वहिनींनी सांगितलेलं ऐकून कुणीही म्हणेल, उद्या सकाळीच रक्त द्या. ते सांगून झालं होतं. रागावून, रडून, मुलांची शपथ घालून झालं होतं.

भाऊ आले ते बायकोच्या समाधानासाठी, आणि तसं त्यांनी बसता बसताच सांगितलं. "ताई, माझं वजन एकसष्ट किलो. हाडं दिसतात माझी. मला कुठनं शुगर येणार?"

अशा वेळी मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगते. त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. आपल्याकडची माणसं बारीक दिसतात, पण चरबी आत, पोटाभोवती साठवतात. म्हणून माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याकडे असते तशी टेप असते. भाऊंना ती शर्टाच्या आतून, बेंबीच्या पातळीला धरायला लावली. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९०, बायकांसाठी ८०. म्हणजे अंदाजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. पँटचा नंबर इथे चालत नाही, कारण पुरुष पँट पोटाच्या खाली नेसतात.

टेपचा आकडा बघून ते गप्प झाले. रक्त द्यायला मात्र गेले नाहीत. अपेक्षितच होतं. माहिती कमी पडत होती म्हणून हा माणूस थांबलेला नव्हता. सगळ्या गावाला आकडेमोड शिकवणारा दुकानदार तो, त्याला १२६ म्हणजे काय ते कळत नव्हतं थोडंच?

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. तिचं मूळ एपिक्टेटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या म्हणण्यात आहे : घटनेपेक्षा घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला जास्त छळतं. आजारपणाच्या बाबतीत याचा उपयोग मी आयुष्यभर पाहत आले आहे. माणूस टाळाटाळ करतो तेव्हा मी त्याला समजावत नाही. त्याच्या मनात कोणतं वाक्य चालू आहे ते शोधते.

पुढच्या भेटीत विचारलं, "समजा, आज रक्त दिलं आणि शुगर निघाली. मग काय होईल?"

"गोळ्या."

"मग?"

"मग इन्शुलिन."

"मग?"

त्यांनी खाली पाहिलं. "मग पाय."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा भाऊ कॉलेजात होते. ड्रेसिंग तेच करायचे. दोन वर्षांत वडील गेले आणि शिक्षण सोडून ते दुकानात बसले. त्यांच्या मनात रिपोर्टचा कागद आणि कापलेला पाय यांच्यामध्ये दुसरं काहीच नव्हतं.

"आण्णांना शुगर आहे हे कधी कळलं?" मी विचारलं.

"पायात खिळा गेला होता. जखम काळी पडली, ताप भरला, तेव्हा मिरजेला नेलं. तिथं कळलं."

"त्याआधी कधी तपासली होती?"

"नाही. त्यांना काही त्रासच नव्हता की."

स्वतःचेच शब्द त्यांच्या कानावर पडले. चेहरा बदललेला मला दिसला, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हे सगळ्यात मोठं काम असतं आणि ते यायला मला वर्षं लागली. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे आण्णांनी जे केलं, तेच मी करतोय."

मला वाटतं, घरोघरी इथेच गल्लत होते. घरच्यांना टाळणारा माणूस बेफिकीर दिसतो. खरं तर घरात सगळ्यात जास्त घाबरलेला तोच असतो, आणि "तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?" असं म्हणून आपण त्याची भीती आणखी वाढवतो. भीती वाढली की टाळणं वाढतं. वहिनी इतकी वर्षं बेफिकिरीशी भांडत होत्या, आणि ती तिथे नव्हतीच.

भीती उघड झाली तशी दुसरी गोष्टही बाहेर आली. जाता जाता दारात थांबून भाऊ म्हणाले, "आणखी एक आहे. हिला सांगू नका. माळ्यावर पोतं न्यायला चढलो की छातीत भरून येतं. दोन मिनिटं बसलं की जातं. गॅसच असणार. सोडा घेतो."

मी त्यांना परत बसवलं. "वहिनींना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांना आज. आत्ता." त्यांच्यासमोरच हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि ते तिथूनच तपासायला गेले.

हे लक्षण प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावं, म्हणून इथे थांबते. चालताना, जिना चढताना, जेवल्यावर लगेच काम करताना छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळ होणं आणि थांबलं की ते जाणं, याला गॅस समजू नका. गॅसला जिना कळत नाही. हा दाब कधी डाव्या हातात जातो, कधी जबड्यात, कधी दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत. आणि ज्याला जुना मधुमेह आहे त्याच्या नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे दुखेलच असं नाही. नुसता दरदरून घाम, दम लागणं, एकाएकी गळून जाणं एवढंच होऊ शकतं. बायकांमध्येही मळमळ, पाठदुखी, न समजणारा थकवा असं बरंच आडवळणाने येतं.

भाऊंचा साधा ईसीजी नॉर्मल आला. इथेच पुष्कळ लोक सुटलो म्हणून घरी जातात. झोपवून काढलेला ईसीजी त्या क्षणाचं सांगतो, पोतं उचलतानाचं सांगत नाही. डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट केली, तिच्यात दोष दिसला. अँजिओग्राफीत एका धमनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसली. उपाशीपोटी साखर १८८, एचबीएवनसी ८.९, रक्तदाब १५०/९६. तिन्ही गोष्टी आतल्या आत चालल्या होत्या आणि माणूस "काही त्रास नाही" म्हणत होता.

त्यानंतर ते मला म्हणाले, "ताई, आता तेवढं टेन्शन घालवा, म्हणजे सगळं जाग्यावर येईल." टेन्शनवरच माझा संसार चालतो, तरी हे मी कबूल करत नाही. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराच्या झटक्यामागच्या नऊ गोष्टी तपासल्या होत्या. मानसिक ताण त्यांतली एक आहे, आणि मोठी आहे. पण तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, बसून राहणं, ताटातल्या फळं-भाज्यांची कमतरता, ही सगळी तिच्या शेजारीच बसलेली आहेत. त्याच अभ्यासात आपल्या भागातल्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो असं दिसलं, बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. टेन्शनचं नाव पुढे केलं की चुना-तंबाखूची डबी खिशात सुखाने राहते.

भाऊंच्या खिशात ती होतीच. "मी सिगारेट ओढत नाही," असं ते अभिमानाने सांगत. चघळलेल्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो. ती सुटायला सगळ्यात वेळ लागला. अजूनही वसुलीच्या दिवशी हात खिशाकडे जातो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

बाकीचे बदल त्यांनी स्वतःच शोधले, म्हणून टिकले. आयता तक्ता दिला असता तर आठवड्यात गुंडाळला असता. मी एवढंच सांगितलं, दिवसभरात घशाखाली जे जाईल ते दुकानाच्या वहीत लिहा. येईल त्या एजंटाबरोबर चहा, असे नऊ चहा आणि चौदा चमचे साखर निघाली. उधारीच्या वहीसारखं ते डोळ्यांसमोर आलं तेव्हा चहा तीनवर आले, तेही बिनसाखरेचे. रात्री दहाचं जेवण आठला दुकानात डब्यातून सुरू झालं. भात अर्धा झाला, उसळ वाढली. जेवणानंतर पंधरा मिनिटं बाजारातून चक्कर. जेवणानंतर चालल्याने साखर कमी चढते हे त्यांना मुलाच्या ग्लुकोमीटरने आठ दिवसांत दाखवून दिलं. खोक्यातलं यंत्र शेवटी असं बाहेर आलं.

"गोळी लागली की सुटत नाही" ही शंका त्यांनाही होती. मी विचारलं, चष्मा लागला तेव्हा असं म्हणाला होतात का? गोळी मनाने सोडायची नाही, आणि शेजाऱ्याची तर कधीच घ्यायची नाही. कमी करायची असेल तर आकडे बघून डॉक्टर करतात.

आता वहिनी. नवऱ्यासाठी एवढी धडपडणाऱ्या या बाईने स्वतःचं रक्त कधी तपासलं होतं? धाकट्या मुलीच्या वेळी, गरोदरपणात साखर वाढली होती तेव्हा. बाळंतपणानंतर ती उतरली आणि विषय संपला. हाच इतिहास पुढे मधुमेहाचा धोका वाढवतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टेप ८८ दाखवत होती आणि उपाशीपोटी साखर निघाली ११२, म्हणजे शंभर ते सव्वाशेच्या मधली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात मधुमेही १० कोटींवर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींवर होते. या दुसऱ्या गटाला माझं सगळ्यात जास्त सांगणं असतं, कारण चालणं आणि जेवण एवढ्यानेच इथून पुष्कळ जण मागे फिरू शकतात. घरातल्या बाईने उरलेल्या भातावर जेवण उरकणं आणि उपासाला साबुदाण्यावर राहणं हेही यात बदलायला हवं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर "तपासून घ्या" एवढंच म्हणू नका. "रविवारी सकाळी आपण दोघं रक्त देऊ, मी पण देणार आहे," असं म्हणा. रिपोर्ट हातात आल्यावर "सांगत होते ना मी!" हे वाक्य गिळा. आधी विचारा, शुगर निघाली तर काय होईल असं वाटतं? उत्तर ऐकायला वेळ द्या. आणि छातीतला दाब बसल्या जागीही थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर हे काहीही करत बसू नका. सोडा नको, सकाळची वाट नको, स्वतः मोटरसायकल चालवत जाणं नको. १०८ ला फोन करा आणि जिथे हृदयाची सोय आहे तिथेच न्या. असं रुग्णालय जवळ कुठलं, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.