‘दुर्लक्ष कर आई’

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे. नोकरी संपल्यावर पुन्हा गायला लागले. मुलाने यूट्यूबवर चॅनल काढून दिलं. वर्षभर छान चाललं. एका आजारी बाईंनी तर लिहिलं होतं, की रात्री झोप येत नाही तेव्हा त्या माझं गाणं लावून पडून राहतात. दोन महिन्यांपूर्वी एका गाण्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘म्हातारे, भांडी घासताना गा, आम्हाला का छळतेस?’ मग आणखी सहा-सात जण आले. माझे दात, माझे केस, काही सोडलं नाही. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. ते गाणं त्यांच्या आठवणीत गायलं आहे, असं मी खाली लिहिलं होतं. त्यावर एकाने लिहिलं, ‘हे ऐकून ऐकूनच गेला असेल.’ तेव्हापासून माझं गाणं बंद आहे, घरातसुद्धा. रात्री जाग येते आणि मी तेच पुन्हा वाचत बसते. मुलगा म्हणतो, ‘दुर्लक्ष कर आई, ट्रोल आहेत ते.’ मला जमत नाही. ही माणसं असतात तरी कोण? खरं नाव देणं सक्तीचं का करत नाहीत? मी त्यांना उत्तर द्यावं का? आणि कॉमेंट बंद केल्या तर मी हरले असं होईल का?
– नाव छापू नये

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांबद्दलचं ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने पुन्हा हातात घेतलं. ते तुम्हाला लागलं यात तुमचं मन हळवं असण्याचा काही संबंध नाही. ते लागावं म्हणूनच लिहिलेलं होतं.

उत्तराचं आधी सांगते, कारण ती चूक मी करून बसले आहे. आठ वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणावर आणि जाण्यावर एक लेख लिहिला होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘मेलेला भाऊ विकून लाइक्स गोळा करा.’ रात्री अडीच वाजता उठून मी त्या माणसाला सविस्तर उत्तर लिहिलं. अगदी नम्रपणे. शेवटचे दिवस कसे गेले, भाऊ काय म्हणाला, सगळं. मला वाटलं, हे वाचून त्याला वाईट वाटेल. सकाळी पाहिलं तर माझ्या उत्तरातली वाक्यं सुटी करून एकेकाची टिंगल चालली होती. भावाचे शेवटचे शब्द मी स्वतःच्या हाताने त्यांना नेऊन दिले होते, ही गोष्ट मला आजही सलते. ट्रोलिंग हा मुळात मासेमारीतला शब्द आहे. चालत्या बोटीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा आणि कोण तोंड लावतं ते पाहायचं. तुमचं कळवळून लिहिलेलं उत्तर म्हणजे त्यांना लागलेला मासा. म्हणून उत्तर देऊ नका.

पण उत्तर न देणं वेगळं आणि न दुखणं वेगळं. ‘दुर्लक्ष कर’ म्हणणारी माणसं या दोन्हींची गल्लत करतात. २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ होता. खेळणाऱ्याला वाटायचं, समोर दोन खरी माणसं आहेत. थोड्या वेळाने ती दोघं त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद करायची. एवढ्यानेही शारीरिक वेदनेच्या वेळी मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यात हालचाल दिसली. अनोळखी माणसांनी नुसतं वगळलं तर हे होतं. तुमच्या तर गेलेल्या माणसाला मध्ये ओढलं.

ती माणसं कोण, याचं उत्तर ऐकायला बरं वाटणार नाही. काहींना दुसऱ्याला दुखवण्यात खरोखर मजा वाटते. पण सगळे तसे नसतात. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना आधी एक चाचणी दिली, मग एका लेखाखाली मत लिहायला सांगितलं. चाचणी सोपी होती आणि आधीची मतं सभ्य होती, तिथे ३५ टक्के मतं ट्रोलिंगच्या वळणाची निघाली. चाचणी अवघड देऊन मूड घालवला आणि वर आधीच घाणेरडी मतं ठेवली, तिथे ६८ टक्के. तुमच्याकडेही पहिल्याने दार उघडलं आणि बाकीचे आत घुसले. त्यातले काही घरी, कामावर चारचौघांसारखे वागत असतील. यामुळे त्यांना माफ करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण ‘इतक्या लोकांना माझं गाणं वाईट वाटलं’ हा जो हिशेब तुम्ही रात्री मांडता, तो खोटा आहे. ते गाण्यावर बोलतच नव्हते, एकमेकांचं पाहून लिहीत होते.

खऱ्या नावाची सक्ती दक्षिण कोरियाने मोठ्या वेबसाइटांवर २००७ पासून करून पाहिली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. त्यावर आशा ठेवू नका.

आता तुमच्या मुलाविषयी. त्याचा हेतू चांगला आहे, पण सगळं ओझं त्याने तुमच्याच डोक्यावर ठेवलं आहे. हे पान त्याला वाचायला द्या. दुर्लक्ष करायला तुम्ही आधी वाचायला हवं ना? ते वाचणं त्याने घ्यावं. यूट्यूबवर त्याला चॅनलचा मॉडरेटर करता येतं. कॉमेंट आधी तपासायला थांबवून ठेवता येतात, ठराविक शब्द अडवता येतात, एखाद्या माणसाला असं लपवता येतं की त्याचं लिहिलेलं इतरांना दिसतच नाही. ती सात-आठ मतं त्याने काढून टाकावीत. त्याआधी तारखेसकट स्क्रीनशॉट मात्र ठेवावेत. कुणी धमकी दिली किंवा घराचा पत्ता टाकला, तर ते घेऊन सरळ पोलिसांकडे जा. दोन महिने झोप मोडते आहे, हे डॉक्टरांच्याही कानावर घाला.

आणि कॉमेंट बंद करा, आजच. यात हरणं कसलं? गाणं तुमचं आहे, त्याखालची जागाही तुमची आहे.

फक्त बंद करण्याआधी एक काम करा. ज्या बाईंना रात्री झोप येत नाही, त्यांच्याबद्दल पत्रात तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे आणि लगेच पुढे गेला आहात. दोन महिने त्यांना नवं गाणं मिळालेलं नाही. त्यांचं मत मुलाला शोधून द्यायला सांगा आणि त्यांना उत्तर लिहा.